डांबरीकरणाला माल किती लागेल? : वाचकांचे प्रश्न, अभियंत्याची उत्तरे

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेतील अंतर्गत रस्ता व वाहनतळ यांचे पुन्हा डांबरीकरण करायचे आहे. जुना डांबरी थर पंधरा वर्षांचा असून ठिकठिकाणी दबला आहे. दोन ठेकेदारांनी दरपत्रके दिली आहेत आणि दोघेही 'दीड इंची हॉटमिक्स' (खडी व डांबराचे गरम मिश्रण) असेच म्हणतात. मात्र पहिल्याच्या हिशेबाने १०५ टन माल लागतो, तर दुसऱ्याच्या हिशेबाने १३२ टन. आमच्या एका सभासदाने इंटरनेटवरील गणकावर तीच मापे घातली, तेव्हा उत्तर १२५ टन आले. यांपैकी कोणता आकडा धरावा? – सचिव, गृहनिर्माण संस्था, पुणे

उत्तर : आपण सोबत पाठवलेल्या मोजमापांप्रमाणे रस्ता १८० मीटर लांब व साडेपाच मीटर रुंद म्हणजे ९९० चौरस मीटर, वाहनतळ ३६० चौरस मीटर, टोकाचे अर्धवर्तुळ ७ मीटर त्रिज्येचे म्हणजे ७७ चौरस मीटर आणि त्यातून ट्रान्सफॉर्मरच्या ओट्याचे १२ चौरस मीटर वजा, असे एकूण १४१५ चौरस मीटर क्षेत्र होते. क्षेत्रफळाबद्दल तिघांत मतभेद नाही. तिन्ही आकडे गणिताने बरोबरही आहेत, फक्त प्रत्येकाने गृहीत धरलेल्या गोष्टी निराळ्या आहेत, आणि आपल्या रस्त्याला त्यांतला एकही पुरणार नाही.

दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर. दुसऱ्या ठेकेदाराने ही जाडी रोलर फिरवून झाल्यानंतरची धरली आहे : १४१५ गुणिले ०.०३८ म्हणजे ५३.८ घनमीटर, त्याला घनमीटरमागे २.४५ टन या घनतेने गुणले की १३२ टन येतात. पहिल्याने दीड इंच ही पसरलेल्या सुट्या मालाची जाडी धरली आहे. पेव्हरमधून, म्हणजे माल पसरणाऱ्या यंत्रातून पडलेला गरम माल दबाईनंतर साधारण पाचव्या हिश्श्याने बसतो, त्यामुळे ३८ मिलिमीटर पसरलेला थर पक्का झाल्यावर ३० मिलिमीटरच्या आसपास उरतो आणि तेवढ्याला १०५ टनच लागतात. त्याने आपल्याला फसवले असे मी म्हणणार नाही; आपल्याकडे तोंडी बोलताना दोन्ही अर्थांनी दीड इंच म्हणण्याची पद्धत आहे. पण त्याचा दर स्वस्त दिसतो तो याच कारणाने, हे संस्थेच्या सभेत स्पष्ट झाले पाहिजे. राहिला गणकाचा आकडा. असे बहुतेक गणक अमेरिकी पद्धतीने घनफुटाला १४५ पौंड ही घनता धरतात, म्हणजे घनमीटरला सुमारे २.३२ टन. पुण्याच्या परिसरातील खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची असते आणि ती पुष्कळ जड असते. म्हणून तीच जाडी भरायला येथे सात टन जास्त लागतात. घनतेचा हा मुद्दा पुढे गोंदियाच्या वाचकांच्या प्रश्नात सविस्तर आला आहे.

आता जो भाग तिघांनीही सोडून दिला आहे, त्याकडे येतो. नवा थर सपाट पृष्ठभागावर पडणार आहे असे समजून हे सारे हिशेब केलेले आहेत. पंधरा वर्षे टँकर आणि कचऱ्याच्या गाड्या सोसलेला रस्ता सपाट नसतो. चाकांच्या दोन पट्ट्या दबलेल्या असतात, ड्रेनेजच्या चेंबरभोवती खळगे असतात आणि पाइपलाइनसाठी खोदून बुजवलेला चर तर नेहमीच खचलेला असतो. वरचा पृष्ठभाग एका पातळीत आणायचा तर हे सगळे खोलगट भाग मालानेच भरावे लागतात. आपल्या क्षेत्रावर जाडीत सरासरी ५ मिलिमीटरचा फरक पडला, तर माल १७ टनांनी बदलतो, म्हणजे घनतेच्या चुकीपेक्षा दुपटीहून जास्त. अंदाजपत्रकाचे भवितव्य ठरते ते येथे, आणि नेमके हेच माप कोणी घेत नाही.

ते घेणे मात्र अवघड नाही. रस्त्याच्या लांबीत दर पाच मीटरवर आडवी रेषा धरावी, दोन्ही कडांना पूर्ण झालेल्या रस्त्याची पातळी दाखवणाऱ्या खुंट्या ठोकाव्यात आणि उतारासाठी रस्त्याचा मध्य कडांपेक्षा जेवढा उंच ठेवायचा असेल तेवढा ठेवून दोरी ताणावी. मग डावीकडे, मध्ये व उजवीकडे अशी तीन ठिकाणी दोरीपासून जुन्या डांबरापर्यंतची खोली पोलादी पट्टीने मोजून वहीत लिहावी. आपल्या रस्त्यासाठी शंभरेक नोंदी होतील आणि दोन माणसे एका सकाळीत हे काम उरकतील. सर्व नोंदींची सरासरी काढावी आणि तिच्यातून ठरलेल्या थराची जाडी वजा करावी. जे उरेल ती समतलीकरणाची सरासरी जाडी. समजा, दोरी नव्या थराच्या माथ्यावर धरली, थर ४० मिलिमीटरचा ठरवला आणि नोंदींची सरासरी ४८ आली, तर समतलीकरणाला ८ मिलिमीटर लागतील. त्याचे होतात २८ टन. मुख्य थराचे १३९ टन, त्यात हे २८ मिळवून १६७, आणि हाताने पसरावे लागणारे कोपरे, चेंबरच्या कडा, सांधे व पेव्हरमध्ये उरणारा माल यांसाठी तीन टक्के धरले की सुमारे १७२ टन. आपल्या नोंदींची सरासरी ८ ऐवजी ४ किंवा १२ मिलिमीटर येऊ शकेल, त्याप्रमाणे आकडा हलेल. पण तो मोजून हललेला असेल.

समतलीकरणाचा माल मुख्य थराबरोबर एकाच वेळी पसरू देऊ नये. पेव्हर वरून सपाट थर टाकतो. उंचवट्यावर ५० मिलिमीटर सुटा माल पडला तर २० मिलिमीटरच्या खळग्यात ७० पडतो. दोन्ही पाचव्या हिश्श्याने बसले की उंचवट्यावर ४० उरतात आणि खळग्यात ५६, म्हणजे नवीन पृष्ठभागावर पुन्हा ४ मिलिमीटरचा खळगा तयार. पहिल्याच पावसात पाणी तेथेच साचते. म्हणून खोल भाग आधी वेगळे भरून, त्यांवर रोलर फिरवून मग वरचा थर घ्यावा.

जुन्या व नव्या थरांच्या मध्ये टॅक कोट, म्हणजे दोन्ही थर चिकटवणारा पातळ फवारा लागतो. त्यासाठी आरएस-१ इमल्शन (पाण्यात मिसळलेले डांबर) चौरस मीटरला पाव किलो या प्रमाणात धरले तर १४१५ चौरस मीटरला साडेतीनशे किलो लागेल. कंत्राटात ही ओळ स्वतंत्र असावी, नाहीतर ते काम झाडूने धूळ उडवण्यावरच भागते. तसेच पार्किंगच्या जोत्याची उंची आधी पाहून घ्यावी. थरावर थर चढत जाऊन रस्ता जोत्याच्या वर आला असेल, तर जुना थर मिलिंग यंत्राने खरवडून काढण्याचा खर्च परवडतो, आणि खरवडल्यावर पृष्ठभाग एकसारखा होत असल्याने समतलीकरणाचा मालही वाचतो.

कंत्राटात 'दीड इंच' हे शब्द कोठेही ठेवू नयेत. 'दबाईनंतरची सरासरी जाडी ४० मिलिमीटर, कोणत्याही ठिकाणी ३५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही' असे लिहावे. मुख्य थराचे पैसे या जाडीच्या चौरस मीटरवर आणि समतलीकरणाचे पैसे टनावर, अशी विभागणी मला सर्वांत न्याय्य वाटते. सगळे काम चौरस फुटावर दिले की थर पातळ होत जातो, आणि सगळे टनावर दिले की गरज नसलेल्या ठिकाणी माल ओतला जातो. यात कोणाच्या नीतिमत्तेचा प्रश्न नसून पैसे कशाचे मिळतात याचा परिणाम असतो.

प्रश्न : आमच्या वसाहतीच्या रस्त्याचे काम टनाच्या दराने दिले आहे. प्रत्यक्षात तेवढा माल आला आणि पडला, हे आमच्यासारख्या सामान्य माणसांनी कसे तपासावे? – अध्यक्ष, वसाहत समिती, कोल्हापूर

उत्तर : प्रत्येक खेपेची काटापावती घ्यावी, एवढे सर्वजण सांगतात. पण पावतीवरचे रिकाम्या डंपरचे वजन केव्हाचे आहे, हेही पाहावे. सकाळी पहिल्या खेपेपूर्वी घेतलेले वजन दिवसभर वापरले, तर हौद्याच्या कोपऱ्यांत थंड होऊन चिकटलेला आणि तसाच प्लांटवर परत गेलेला माल दर खेपेला आपल्या नावावर चढतो. रिकामे वजन प्रत्येक फेरीला घेण्याची अट घालावी आणि काटा शक्यतो प्लांटच्या बाहेरचा, समितीने निवडलेला असावा. डंपरमधला माल ब्रासमध्ये मोजून देण्याचा प्रस्ताव आला तर नाकारावा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट हे खरे. पण हौद्यातला सुटा माल किती पोकळ भरला आहे, यावर त्याचे वजन अवलंबून राहते आणि त्या वादाला शेवट नसतो.

पावतीपेक्षाही बोलका पुरावा रस्त्यावर असतो. एका डंपरमध्ये १६ टन माल आहे, रस्ता साडेपाच मीटर रुंद आहे आणि थर ४० मिलिमीटरचा आहे असे समजा. १६ ला २.४५ ने भागले की ६.५ घनमीटर येतात, त्याला ०.०४ ने भागले की १६३ चौरस मीटर आणि रुंदीने भागले की जेमतेम ३० मीटर लांबी. म्हणजे प्रत्येक डंपर ३० मीटरच्या आसपास संपला पाहिजे. कडेच्या कर्बवर खडूने दर १० मीटरला खूण करावी आणि डंपर कोठे रिकामा झाला, ते त्याच्या पावतीच्या मागे लिहावे. तोच डंपर ३८ मीटरपर्यंत पुरला, तर थर ३१ मिलिमीटरवर आला आहे. ही गोष्ट रोलर येण्याआधीच कळते आणि त्याच क्षणी पेव्हरची पट्टी वर घेता येते. एखादी खेप पुढे-मागे झाली म्हणून काम अडवू नये; तीन-चार खेपा सलग लांबत गेल्या तर मात्र थांबवावे. हा हिशेब समतलीकरण आधी झालेल्या रस्त्यावरच लागू पडतो, हे वेगळे सांगायला नको.

माल ओतताना त्यात थर्मामीटर खुपसून तापमान पाहावे. व्हीजी-३० प्रतीचे डांबर वापरलेले मिश्रण पसरताना किमान १४० अंश सेल्सिअस असावे आणि दबाई ९० अंशांच्या खाली जाण्यापूर्वी पूर्ण व्हावी, असे रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या तपशील पुस्तिकेत, म्हणजे 'मोर्थ'मध्ये सांगितले आहे. थंड माल दबत नाही. तो जाडीला पुरेसा दिसतो, पण आत पोकळ राहतो आणि अशा रस्त्याचे टन आणि मिलिमीटर दोन्ही जुळूनही तो दुसऱ्या पावसाळ्यात उखडतो. काम संपल्यावर दोन-तीन ठिकाणी कोअर, म्हणजे थराचे गोल नमुने काढून जाडी व घनता तपासून घ्यावी आणि अंतिम देयक त्यानंतरच द्यावे.

प्रश्न : गावठाणापासून मुख्य रस्त्यापर्यंत एक किलोमीटर लांब, तीन मीटर रुंद रस्त्यावर २० मिलिमीटर कार्पेट (डांबर-खडीचा पातळ थर) व सीलकोट (त्यावरचा पाणी रोखणारा लेप) मंजूर आहे. यासाठी डांबराची किती पिंपे लागायला हवीत? – ग्रामपंचायत सदस्य, बार्शी तालुका

उत्तर : हे काम पुण्याच्या उदाहरणापेक्षा वेगळ्या जातीचे आहे. येथे घनता आणि टन यांच्या वाटेला जाण्याची गरज नाही, कारण कार्पेटचे साहित्य दर १० चौरस मीटरला किती, हे तपशील पुस्तिकेत ठरवून दिलेले आहे : दोन आकारांची मिळून ०.२७ घनमीटर खडी आणि १४.६ किलो डांबर. आपले क्षेत्र ३००० चौरस मीटर, म्हणून खडी ८१ घनमीटर, म्हणजे साडेअठ्ठावीस ब्रास, आणि डांबर ४३८० किलो. सीलकोट 'अ' प्रकारचा, म्हणजे आधी डांबर फवारून वर बारीक खडी टाकण्याचा असेल, तर १० चौरस मीटरला ९.८ किलो, 'ब' प्रकारचा, म्हणजे वाळू किंवा बारीक कच डांबरात मिसळून पसरण्याचा असेल, तर ६.८ किलो. मंजूर अंदाजपत्रकात कोणता प्रकार लिहिला आहे ते पाहावे. 'ब' धरला तर २०४० किलो मिळवून एकूण ६४२० किलो होतात. पिंपात सुमारे दीडशे किलो डांबर असते, त्या हिशेबाने ४२ ते ४३ पिंपे. 'अ' प्रकारात ती ४९ च्या आसपास जातील.

कार्पेटखालचा टॅक कोट व खडीकरणावरचा प्राइम कोट (डांबराचा पहिला हात) यांची पिंपे या संख्येत धरू नयेत, कारण ती इमल्शनची असतात आणि इमल्शनमध्ये पाणी असते. टॅक कोटच्या इमल्शनमध्ये वजनाच्या सुमारे ६० टक्के डांबर असते. ७५० किलो इमल्शन आले म्हणजे ४५० किलो डांबर आले. सर्व प्रकारची रिकामी पिंपे एका ढिगात रचून 'बघा, साठ पिंपे ओतली' असे दाखवले जाते, तेव्हा हाच घोटाळा असतो. रिकाम्या पिंपांवरील शिक्के वाचले की उलगडा होतो. अंदाजपत्रकात कार्पेटखाली ५० मिलिमीटरचा बीबीएम (डांबराने बांधलेल्या खडीचा) थरही असेल, तर त्याचे डांबर व खडी वेगळी मोजावी लागतील.

लांबी गुणिले रुंदी करताना वळणावरची वाढीव रुंदी, दोन गाड्यांना बाजू देण्यासाठी केलेल्या जागा आणि फुटणाऱ्या वाटांची तोंडे विसरली जातात. त्यांचे क्षेत्र प्रत्यक्ष टेपने मोजून मिळवावे. रस्त्याच्या आडव्या उतारामुळे क्षेत्र वाढते का, असेही आपण विचारले आहे. अडीच टक्के उताराने क्षेत्र दहा हजारांत तीनने वाढते. त्याची चिंता सोडून द्यावी.

प्रश्न : आम्ही स्थापत्य पदविकेचे विद्यार्थी आहोत. एका पुस्तकात डांबरी मिश्रणाची घनता २.३ दिली आहे, तर पुण्याच्या एका प्रयोगशाळेच्या अहवालात २.४५ आढळली. अंदाजपत्रक करताना कोणती घ्यावी? – दोन विद्यार्थी, गोंदिया

उत्तर : आपल्या जिल्ह्यात बहुधा पुस्तकातलीच जवळची ठरेल, आणि त्याचे कारण भूगर्भात आहे. दख्खनच्या लाव्ह्याचे थर पूर्वेकडे नागपूरच्या आसपास संपतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यात नाईस व ग्रॅनाइटसारखे जुने खडक आहेत. बेसॉल्टच्या खडीचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या कितीपट ती जड आहे तो आकडा, २.८ ते २.९ असते, तर ग्रॅनाइट-नाईसचे २.६ ते २.७. मिश्रणात वजनाने सुमारे ९५ टक्के खडीच असल्याने खडक बदलला की घनता बदलते.

स्वतः हिशेब करून पाहा. बिट्युमिनस काँक्रीट या डांबरी मिश्रणाच्या १३.२ मिलिमीटर श्रेणीत एकूण मिश्रणाच्या वजनाच्या किमान ५.४ टक्के डांबर तपशील पुस्तिकेत सांगितले आहे. खडीचे गुरुत्व २.६५ व डांबराचे १.०२ घेतले, तर १०० किलो मिश्रणात खडी ९४.६ भागिले २.६५ म्हणजे ३५.७ लिटर आणि डांबर ५.४ भागिले १.०२ म्हणजे ५.३ लिटर जागा व्यापते. एकूण ४१ लिटर; १०० ला ४१ ने भागले की २.४४. ही झाली पोकळी अजिबात नसतानाची घनता. रोलर फिरून झाल्यावर रस्त्यात सुमारे ६ टक्के पोकळी उरते असे धरले, तर २.४४ गुणिले ०.९४ म्हणजे २.२९ मिळते.

बेसॉल्टसाठी हेच करताना एक दुरुस्ती करावी लागते, आणि ती बहुतेक जण विसरतात. पुस्तिकेतील ५.४ टक्के हे प्रमाण २.७ गुरुत्वाच्या खडीसाठी आहे; खडी त्याहून जड असेल तर डांबराचे किमान प्रमाण त्याच गुणोत्तराने कमी करण्याची मुभा तेथेच तळटिपेत दिलेली आहे. २.८५ गुरुत्वाच्या खडीला ते ५.१ टक्के होते. मग ९४.९ भागिले २.८५ म्हणजे ३३.३ लिटर, अधिक डांबराचे ५ लिटर, एकूण ३८.३, घनता २.६१ आणि पोकळी वजा जाता २.४५. आपल्याला सापडलेला पुण्याचा आकडा हाच आहे. खडी काही डांबर शोषून घेते, त्यामुळे प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष मार्शल चाचणीत दुसऱ्या दशांशात फरक पडेल. अंतिम अंदाजपत्रकाला चाचणीचाच आकडा घ्यावा आणि वरची रीत तो आकडा शहानिशा करण्यासाठी ठेवावी. पुण्याच्या संस्थेच्या उदाहरणातील १७२ टनांत डांबर ५.१ टक्क्यांनी पावणेनऊ टन असेल, हे त्यांनीही लक्षात ठेवावे. कारण दरपत्रकात 'डांबर इतके टन' असे लिहिले असेल तेव्हा ते मिश्रणाचे आहे की शुद्ध डांबराचे, हे विचारल्याशिवाय दोन दरपत्रकांची तुलना करता येत नाही.

प्रश्न : घरापासून रस्त्यापर्यंत ३५ मीटर लांब व ३ मीटर रुंद वाट आहे. खाली जांभा आहे. डांबरीकरणाला किती माल मागवावा? – एक वाचक, राजापूर

उत्तर : ४० मिलिमीटर थरासाठी १०५ चौरस मीटरला दहा टन, म्हणजे एका डंपरलाही पुरते काम नाही. हॉटमिक्स प्लांट तासाभराच्या आत नसेल तर एवढा थोडा माल वाटेतच थंड होतो, आणि त्याच्यासाठी पेव्हर व रोलर आणण्याचा खर्च मालापेक्षा जास्त होतो. शिवाय जांभ्यावर थेट डांबर टाकता येणार नाही. मध्ये दबाई केलेला खडीचा १५० मिलिमीटर थर हवा, त्याला सुमारे सात ब्रास खडीमिश्रण लागेल. कोकणातल्या पावसात त्या थराखालून पाणी वाहून जायला बाजूने चर नसेल तर वरचा थर कितीही जाड असला तरी टिकणार नाही. गावातील रस्त्याचे डांबरीकरण चालू असताना त्याच ठेकेदाराकडून हे काम करून घेता आले तर करावे; ते शक्य नसेल तर काँक्रीटच्या दोन चाकोऱ्या ओतून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.